तिसरा नंबर कोणाचा? फोर्टीनाइनर्सच्या २०२१ च्या ड्राफ्टचा अंदाज कुठे चुकला

२६ मार्च २०२१, शुक्रवार. घरूनच काम, कॅमेऱ्यासमोर मीटिंग चालू आणि कीबोर्डशेजारी उपडा ठेवलेला फोन सारखा थरथरतोय. शेवटी उचलून बघितला तर ग्रुपवर चाळीसेक मेसेज आणि सगळ्यात वर एवढंच, "बारावरून तीन!!!" मीटिंगमध्ये पुढे काय बोललं गेलं ते मला आजही आठवत नाही.

आम्ही सहा जण, सगळे मराठी, कोणी सनीवेलला कोणी फ्रीमाँटला कोणी सँटा क्लाराला, म्हणजे स्टेडियमच्या आसपासच. दरवर्षी एप्रिलमध्ये एक शीट बनवतो आणि आमची टीम सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स (आमच्या तोंडी नुसतं नायनर्स) ड्राफ्टमध्ये कोणाला घेणार याचे अंदाज भरतो. पैसे नाहीत काही नाही, फक्त कोण बरोबर ते बघायचं. २०२१ चं शीट मी जपून ठेवलंय, कारण अंदाज बांधताना माणूस नेमका कुठे घसरतो हे मला त्या एका शीटमधून जेवढं कळलं तेवढं दुसरीकडे कुठेच नाही. म्हणून ते प्रकरण पहिल्यापासून लिहितोय.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून येणारे नवे प्लेअर टीम्सनी नंबराने निवडायचे. आयपीएलसारखा लिलाव नसतो, पैसे जास्त आहेत म्हणून कोणी कोणाला उचलू शकत नाही. मागच्या सीझनला जी टीम सगळ्यात खराब खेळली तिचा नंबर पहिला, मग तसंच वर वर चढत चॅम्पियन टीम शेवटी. ३२ टीम, सात फेऱ्या, २०२१ ला एकूण २५९ जण निवडले गेले. लवकर नंबर हवा असेल तर दुसऱ्या टीमशी ट्रेड करायचा, आणि तिथे चलन म्हणजे पिकच (प्लेअर निवडायचा हक्क), या वर्षीचे नाहीतर पुढच्या वर्षांचे.

नायनर्स २०१९ च्या सीझनला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या फायनलपर्यंत, गेले होते, फेब्रुवारी २०२० मध्ये कॅन्सस सिटीकडून ३१-२० हरले. पुढच्या सीझनला दुखापतींनी वाट लावली. क्वार्टरबॅक (पास टाकणारा, टीमचा मुख्य प्लेअर) जिमी गॅरोपोलो सहाच मॅच खेळला, डिसेंबरमध्ये तर काउंटीच्या कोविड बंदीमुळे घरच्या मॅचेससुद्धा ॲरिझोनात जाऊन खेळाव्या लागल्या, आणि शेवट झाला ६-१० वर, सहा जिंकल्या, दहा हरल्या. म्हणून नंबर आला बारावा. आणि त्या शुक्रवारी त्यांनी मायामी डॉल्फिन्सला तो बारावा नंबर, २०२२ चा पहिल्या फेरीचा पिक, २०२३ चा पहिल्या फेरीचा पिक आणि वर २०२२ चा तिसऱ्या फेरीचा एक, एवढं सगळं देऊन तिसरा नंबर घेतला.

ही किंमत केवढी मोठी? डॅलसच्या जिमी जॉन्सनच्या काळातला, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा, एक तक्ता आहे, प्रत्येक नंबराला गुण दिलेले, लोक अजूनही तो काढून बसतात. त्यात तिसऱ्या नंबरला २२०० आणि बाराव्याला १२००. मधले हजार गुण भरायला दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक दिले. एवढं कोणी गार्डसाठी (क्वार्टरबॅकला वाचवायला पुढे उभा राहणारा) देत नाही, रिसीव्हरसाठी (पास पकडणारा) देत नाही. क्वार्टरबॅकसाठीच देतात. इथपर्यंत कोणाचंच दुमत नव्हतं.

पहिला नंबर जॅक्सनव्हिलचा, तिथे ट्रेव्हर लॉरेन्स जाणार हे लहान पोरालाही माहीत. दुसरा न्यूयॉर्क जेट्सचा, त्यांनी एप्रिलच्या सुरुवातीला आपला सॅम डार्नोल्ड कॅरोलायनाला देऊन टाकला आणि झॅक विल्सन पक्का झाला. म्हणजे तिसऱ्या नंबरसाठी तीन नावं उरली: अलाबामाचा मॅक जोन्स, ओहायो स्टेटचा जस्टिन फील्ड्स आणि नॉर्थ डकोटा स्टेटचा ट्रे लान्स. तिघांतला एक. एवढा सोपा वाटणारा प्रश्न, आणि आख्ख्या अमेरिकेला महिनाभर पुरला.

आता माझं शीट. मी भरलं होतं मॅक जोन्स ६० टक्के, फील्ड्स २५, लान्स १५. आमच्यात नुसतं नाव लिहायचं नाही, टक्के लिहायचे असा नियम आहे, आणि तो नियम चांगला आहे कारण नुसतं नाव लिहिलं की माणूस नंतर "मला वाटतच होतं" म्हणायला मोकळा.

मी मॅक जोन्सला ६० का दिले? कोच काइल शॅनहनला खिशात (म्हणजे पुढे अडवायला उभ्या असलेल्या आपल्या प्लेअरांच्या आडोशाला) उभं राहून वेळेवर, अचूक बॉल टाकणारा क्वार्टरबॅक आवडतो असं सगळे म्हणायचे. त्याने वॉशिंग्टनला कर्क कझिन्स घडवला, अटलांटात मॅट रायन त्याच्या हाताखाली २०१६ चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम प्लेअर, झाला, आणि २०१८ ला कझिन्स मोकळा झाला की त्यालाच घ्यायचं शॅनहनच्या मनात होतं हे तर त्याने स्वतःच नंतर सांगितलेलं. मॅक जोन्स अगदी त्याच साच्यातला. पळत नाही, पण २०२० च्या सीझनला ७७ टक्क्यांच्या वर पास पूर्ण, ४५०० यार्ड, ४१ टचडाउन (गुण मिळवून देणारे पास), ४ इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेले पास), वर नॅशनल चॅम्पियनशिप. त्यात ३० मार्चला अलाबामा आणि ओहायो स्टेट दोघांचे प्रो डे (कॉलेजातच प्लेअर टीम्सच्या माणसांना खेळून दाखवतात तो दिवस) एकाच दिवशी, आणि शॅनहन आणि जनरल मॅनेजर जॉन लिंच दोघंही गेले अलाबामाला. झालं! ग्रुपवर सगळे म्हणाले, पाय कुठे वळले बघा, मन तिथेच.

त्यानंतर दोन दिवसांत मोठमोठे रिपोर्टर मॅक जोन्स म्हणायला लागले. मग मॉक ड्राफ्टवाले (कोण कोणाला घेईल याच्या अंदाजी याद्या छापणारे) म्हणायला लागले, सट्टेबाजारातही बराच काळ तोच पुढे. मी रोज रात्री जेवण झालं की मॉक ड्राफ्ट मोजायचो. आज इतक्यांत मॅक जोन्स, आज इतक्यांत. आकडा वाढेल तसे माझे टक्के वाढत गेले, पहिल्या दिवशी ४० होते ते महिन्याभरात ६० झाले.

माझी खरी चूक ही. मी वीस मॉक मोजले म्हणजे वीस वेगळ्या माणसांनी वीस वेगळ्या ठिकाणाहून माहिती काढली असं धरून चाललो. पण तसं नव्हतं, दोन-तीन जणांनी काहीतरी ऐकलं, बाकीच्यांनी त्यांचं वाचलं, त्यांचं वाचून आणखी कोणी लिहिलं. गावात एकाच्या तोंडून निघालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत दहा घरांतून परत आपल्याच कानावर येते आणि आपल्याला वाटतं दहा जण सांगतायत म्हणजे खरंच असणार, तसं. साक्षीदार एकच होता, मी त्याला वीस वेळा मोजला.

आणि ते वर्षच माहितीच्या दुष्काळाचं होतं. एरवी इंडियानापोलिसला कम्बाइन (सगळ्या टीम्ससमोर नव्या प्लेअरांची चाचणी) होतं, प्लेअर टीमच्या ऑफिसला भेट देऊन जातात, कोण कोणाला भेटलं याच्या याद्या बाहेर येतात आणि त्यावरून बराच अंदाज लागतो. २०२१ ला कोविडमुळे नेहमीसारखं कम्बाइन नाही, टीमच्या ऑफिसात भेटी नाहीत, सगळं व्हिडिओ कॉलवर. बाहेरच्या माणसाला दिसणारी गोष्ट एकच, प्रो डेला कोण उभं होतं. खिडकी एवढीशी असली की तिच्यातून जे दिसतं ते फार मोठं वाटायला लागतं. खरं म्हणजे १४ एप्रिलला फील्ड्सने दुसरा प्रो डे केला, १९ एप्रिलला फार्गोमध्ये लान्सने दुसरा केला, आणि शॅनहन-लिंच दोन्हीकडे गेले. मी त्या दोन भेटी "शिष्टाचार म्हणून" या रकान्यात टाकल्या होत्या. असे शब्द शीटमध्ये अजून तसेच आहेत, माझ्याच हाताने टाइप केलेले.

आमच्यातल्या एकाने मात्र लान्सला ५० दिले होते. तो नॉर्थ डकोटा स्टेटलाच एमएस करून आलेला, फार्गोच्या त्या बंदिस्त स्टेडियममध्ये बसून मॅचेस बघितलेल्या. आम्ही सगळे त्याला म्हणायचो की तू तुझ्या कॉलेजचा म्हणून बोलतोयस. एका रविवारी त्याने मला व्हिडिओ कॉल लावला आणि स्वतःची स्क्रीन दाखवली.

"आकडे सोड रे जरा, हा एक प्ले बघ. क्वार्टरबॅक कुठे उभाय?"

सेंटरच्या (बॉल मागे देणाऱ्या प्लेअरच्या) अगदी पाठीला चिकटून. हातातून हातात बॉल घेणार.

"आणि त्याच्या मागे?"

मागे फुलबॅक (रस्ता मोकळा करून देणारा), त्याच्या मागे रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा). लान्सने बॉल घेतला, डिफेन्सकडे चक्क पाठ केली, रनिंग बॅकच्या पोटाशी बॉल नेला आणि परत काढून घेतला, सगळा डिफेन्स त्या रनिंग बॅकवर धावला आणि हा उलट्या बाजूने वळसा घालून मोकळा, मग लांब पास.

"आता मला सांग, हे आजच्या कॉलेज फुटबॉलमध्ये किती टीम खेळतात? आणि असं दर रविवारी कोण खेळतं?"

शॅनहन खेळतो. पाठ फिरवून फसवायचं, फुलबॅक ठेवायचा. आजकाल बहुतेक टीमकडे फुलबॅकच नसतो, नायनर्सनी मात्र काइल युझचेकला चांगले पैसे देऊन ठेवलेला. बहुतेक कॉलेजांत क्वार्टरबॅक पाच यार्ड मागे उभा राहून बॉल घेतो, म्हणजे नायनर्सना जे शिकवायचं ते लान्सला अर्धं येतच होतं. मला ते दिसलं, पटलंसुद्धा, आणि तरी मी लान्सला १० चे फक्त १५ केले. कारण दुसऱ्या बाजूला ते वीस मॉक होते.

लान्सच्या विरुद्धची बाजू हलकी नव्हती हेही सांगायला हवं. २०१९ ला त्याने २८ टचडाउन पास टाकले आणि एकही इंटरसेप्शन नाही, वर ११०० यार्ड पळाला, टीम १६-०. पण ते सगळं खालच्या डिव्हिजनमध्ये. आणि २०२० ला कोविडने त्यांचा सीझन पुढे गेला, त्याला एकच मॅच मिळाली, ऑक्टोबरमध्ये सेंट्रल अर्कान्सासविरुद्ध. कॉलेजच्या आख्ख्या काळात १७ स्टार्ट (सुरुवातीपासून खेळलेल्या मॅच), ३१८ पास. एवढ्या थोड्या कागदावर तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक लावायचे म्हणजे छातीच लागते.

पण किंमतच नीट वाचली असती तर? मला नंतर सगळ्यात जास्त रुखरुख याची लागली. टीमने काय दिलं हे आमच्यासमोर अगदी पक्कं होतं, त्यात अफवा नाही, कोणाचा अंदाज नाही. सुपर बोलपर्यंत गेलेली टीम, गॅरोपोलो हातात आहे, म्हणजे चांगला, नीटनेटका, खिशातून खेळणारा क्वार्टरबॅक त्यांच्याकडे होताच. तशाच दुसऱ्यासाठी एवढं कोण मोजेल? एवढी किंमत द्यायची ती आपल्याकडे जे नाही त्यासाठी, म्हणजे पायांनीही खेळ बदलणाऱ्या पोरासाठी. या युक्तिवादातून लान्स आणि फील्ड्स दोघंही निघतात, एकटा लान्स निघत नाही, हे मान्य. पण मॅक जोन्स ६० टक्के तर नक्कीच निघत नाही.

आणि शॅनहनच्या इतिहासाचं पण आम्ही अर्धंच पान वाचलं. कझिन्स, कझिन्स सगळे करत होते. तो कझिन्स वॉशिंग्टनने २०१२ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत घेतला. त्याच ड्राफ्टमध्ये, त्याच टीमने, काइलचे वडील माइक हेड कोच आणि काइल स्वतः ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर असताना, सहाव्या नंबरवरून दुसऱ्यावर जायला तीन पहिल्या फेरीचे आणि एक दुसऱ्या फेरीचा पिक दिला होता. कोणासाठी? रॉबर्ट ग्रिफिनसाठी, जो त्या ड्राफ्टमधला सगळ्यात वेगवान क्वार्टरबॅक. आणि काइलने त्याच्याभोवती असा ऑफेन्स बांधला की तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा ऑफेन्सिव्ह प्लेअर ठरला. म्हणजे याच माणसाच्या नावावर हुबेहूब असाच ट्रेड आधी झालेला, आणि तो पळणाऱ्या पोरासाठी झालेला. पुरावा दोन्ही बाजूंचा होता आणि एकाच वर्षाच्या पानावर शेजारी शेजारी होता. सगळ्यांच्या बोलण्यात कझिन्स होता म्हणून आम्हाला तेवढाच दिसला.

२६ एप्रिलला शॅनहनला पत्रकारांनी विचारलं, ड्राफ्ट संपल्यावर रविवारी गॅरोपोलो टीममध्ये असेल का, तर तो म्हणाला रविवारी जगात कोणी जिवंत असेल याचीही मी खात्री देऊ शकत नाही. यावर ग्रुपमध्ये दोन दिवस चर्चा. मी म्हणेन की ड्राफ्टच्या आठवड्यात कोच जे बोलतो त्याला वजन शून्य द्यावं. खोटं बोलतो म्हणून असं नाही, पण खरं सांगण्यात त्याचं काहीच हित नसतं.

२९ एप्रिल, गुरुवार. क्लीव्हलंडला ड्राफ्ट, आपल्याकडे पॅसिफिक वेळेला संध्याकाळी पाच. आई तेव्हा आमच्याकडे राहायला होती, ती पोहे करत होती आणि मी टीव्हीसमोर शीट उघडून. पहिला लॉरेन्स, दुसरा विल्सन, ठरल्याप्रमाणे. मग नायनर्सचं घड्याळ सुरू झालं. कमिशनर बाहेर आला, कार्ड वाचलं, ट्रे लान्स. ग्रुपवर अर्धा मिनिट एकही मेसेज नाही. मग फार्गोवाल्याचा एकच आला, "पाठ फिरवून बॉल."

फील्ड्स अकराव्या नंबरवर शिकागोने वर येऊन घेतला. मॅक जोन्स पंधराव्यावर न्यू इंग्लंडला. ज्याच्यासाठी तिसरा नंबर विकत घेतला असं मी महिनाभर म्हणत होतो तो पंधराव्यापर्यंत शिल्लक होता. आणि नायनर्सचा जुना बारावा नंबर हातोहात फिरत डॅलसकडे गेला आणि त्यांनी मायका पार्सन्स घेतला.

आम्ही हिशोब करतो तो असा: प्रत्येक नावाला दिलेले टक्के आणि प्रत्यक्ष काय झालं यातला फरक, त्याचा वर्ग, सगळ्यांची बेरीज. ब्रायर स्कोअर म्हणतात याला, हवामानवाल्यांकडून आलेली पद्धत. जितका कमी तितका चांगला. फार्गोवाल्याने लान्स ५०, जोन्स ३०, फील्ड्स २० दिले होते, त्याचा आला ०.३८. माझा आला १.१५ च्या आसपास. आणि ज्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, ज्याने तिघांना सारखे सारखे टक्के वाटले असते, त्याचा आला असता ०.६७. एक महिना रोज वाचून मी काहीच न वाचणाऱ्याच्या मागे पडलो. हा आकडा बघून मी खरंच गप्प झालो होतो. माहिती गोळा केली म्हणजे अंदाज सुधारतो असं मी समजत होतो.

पण त्याच शीटचा खालचा भाग बघा, तिथे चित्र वेगळं आहे. बाकीच्या फेऱ्यांसाठी मी नावं फार लावली नव्हती, जागा लावल्या होत्या, आणि त्या मॉक बघून नाही, करार बघून. कोणाचा करार संपलाय, कोणाचा एकाच वर्षाचा आहे. कॉर्नरला (बाजूला राहून पास अडवणारे) रिचर्ड शर्मनचा करार संपलेला, जेसन व्हेरेट आणि कवॉन विल्यम्स एकेका वर्षावर, सेफ्टी (डिफेन्समध्ये सगळ्यात मागे उभा राहणारा) जॅक्विस्की टार्टसुद्धा एका वर्षावर. रनिंग बॅकमधले टेव्हिन कोलमन आणि जेरिक मकिनन दोघं दुसरीकडे गेलेले. डाव्या गार्डचा, लेकन टॉमलिन्सनचा, करार त्या सीझननंतर संपणार. म्हणून मी लिहिलं: गार्ड, कॉर्नर, रनिंग बॅक, सेफ्टी.

आणि झालं काय, तर दुसऱ्या फेरीत गार्ड एरन बँक्स, तिसऱ्या फेरीत रनिंग बॅक ट्रे सर्मन आणि कॉर्नर अँब्री थॉमस, पाचव्या फेरीत टॅकल जेलन मूर, कॉर्नर डेमोडोर लेनोर, सेफ्टी टलानोआ हुफांगा, सहाव्या फेरीत आणखी एक रनिंग बॅक, एलायजा मिचेल. टॅकल सोडला तर सगळ्या जागा शीटमध्ये होत्या. बँक्स तर पहिल्या वर्षी जवळजवळ बसूनच होता, २०२२ ला टॉमलिन्सन जेट्सकडे गेला तेव्हा त्याच्या जागी उभा राहिला, म्हणजे टीमने वर्षभर आधी पेरणी केली होती. ड्राफ्ट या वर्षीच्या भोकासाठी नसतो, पुढच्या वर्षी पडणाऱ्या भोकासाठी असतो, ही गोष्ट मला करारांच्या यादीने शिकवली आणि ती यादी कोणालाही फुकट बघता येते.

नावं मात्र शून्य. आणि नावांच्या बाबतीत टीमचं स्वतःचंही फार वेगळं नाही. सर्मनसाठी त्यांनी चौथ्या फेरीचे दोन पिक देऊन वर चढाई केली, आणि १९४ व्या नंबरवर घेतलेला मिचेल पहिल्याच सीझनला ११ मॅचमध्ये ९६३ यार्ड पळाला, सर्मन पुढच्या सीझनआधी टीममधून बाहेर. हुफांगा १८० वा, वेग कमी म्हणून खाली घसरलेला, २०२२ ला ऑल-प्रो, म्हणजे आपल्या जागेवर लीगमधल्या सर्वोत्तमांत. जागा ठरवता येते, माणूस कळायला मैदानच लागतं.

लान्सचं पुढे काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे. दोन सीझनमध्ये चार स्टार्ट, २०२२ च्या दुसऱ्या मॅचला सिॲटलविरुद्ध घोटा मोडला, ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका पिकवर डॅलसला दिला. तेव्हा काही जण मला म्हणाले, बघ, तूच बरोबर होतास, मॅक जोन्सच घ्यायला हवा होता. मला हे अजिबात मान्य नाही. माझा अंदाज "कोणाला घ्यावं" याचा नव्हताच, "कोणाला घेतील" याचा होता, आणि तो चूक होता तो चूकच. नंतर घोटा मोडला म्हणून माझे साठ टक्के एप्रिलमध्ये शहाणे ठरत नाहीत. हे दोन प्रश्न लोक सारखे एकात एक मिसळतात, मॉक लिहिणारे तर सर्रास, स्वतःला जो आवडतो तो टीमच्या नावावर खपवतात.

२०२२ ला मी मॉक मोजले नाहीत. पहिल्या फेरीचा पिक नव्हताच, तो लान्ससाठी गेलेला, आपला पहिला नंबर थेट ६१ वा. पूर्ण शीट करारांवरून भरलं, आणि या वेळी सहाही जणांनी तसंच केलं. क्वार्टरबॅकच्या रकान्यात लान्स आहे, गॅरोपोलो अजून आहे, मग आणखी एक कशाला घेतील? तीन दिवसांनी, आख्ख्या ड्राफ्टचा शेवटचा नंबर, २६२ वा, तो नेमका नायनर्सचा होता आणि त्यांनी आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी घेतला, ज्याने पुढे टीमला सुपर बोलमध्ये नेलं. आमच्या सहाही शीटमध्ये क्वार्टरबॅकसमोर शून्य टक्के लिहिलेलं आहे.